जोड शोधत बाणेरपर्यंत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘या जिमचा सभासद असेपर्यंत मी दुसऱ्या कोणत्याही मार्शल आर्ट संस्थेत सराव करणार नाही.’ बाणेरच्या एका ब्राझिलियन जिउ-जित्सू जिमच्या प्रवेशअर्जातली ही अकरावी अट. अर्ज इंग्रजीत होता, अर्थ हाच. सात महिन्यांपूर्वी मी ती अट वाचली, खाली सही केली आणि त्याच संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या माझ्या ज्युदोच्या क्लासला गेले. जिममध्ये क्लासबद्दल बोलले नाही, क्लासमध्ये जिमबद्दल बोलले नाही. चार महिने असं चाललं. त्याची मला लाज वाटते. तरीही हे वर्तमानपत्रात लिहिते आहे, कारण आमच्या रविवारच्या मुलांच्या वर्गाबाहेर थांबणारे आईवडील आता मला हेच विचारू लागले आहेत. क्लास बदलावा का? की दोन्हीकडे पाठवावं? सरांच्या कानावर घालावं का? जिन्यात उभं राहून दोन मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही. म्हणून पत्र लांबलं, तरी शक्य झाल्यास पूर्ण छापावं ही विनंती.

मी ३४ वर्षांची आहे. नारायण पेठेत राहते, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. ज्युदो बाराव्या वर्षी सुरू केला, लग्न आणि बाळंतपणात सहा वर्षं सुटला, सत्ताविसाव्या वर्षी परत धरला. तपकिरी पट्टा आहे, काळ्या पट्ट्याच्या परीक्षेची तयारी चालू आहे.

खरं तर मला कुस्ती करायची होती. माझे बाबा पैलवान. कसब्यातल्या एका तालमीच्या मातीत ते वाढले, आणि लहानपणी मी त्यांचं बोट धरून तालमीच्या दारापर्यंत जायची. दारापर्यंतच. पुण्याच्या पेठांमधल्या कितीतरी तालमी आज लोकांना गणपतीच्या मंडळांमुळे माहीत आहेत, मानाचा तिसरा गणपतीसुद्धा गुरुजी तालमीचा. पण आत कुस्तीचा हौदा असायचा, लाल माती असायची, आणि त्या मातीत मुलीने उतरायचं नाही हे कोणी न सांगताही सगळ्यांना ठाऊक असायचं. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीला झाली ती २०२३ मध्ये. मी तेव्हा ३२ वर्षांची होते. ती बातमी बाबांनी मला मोठ्याने वाचून दाखवली आणि पेपर घडी घालून उशाशी ठेवला.

बारा वर्षांची असताना माझा हट्ट सुटेना म्हणून बाबांनी चौकशी केली. पाठीवर पाडलं की निकाल लागतो, असा दुसरा कोणता खेळ मुलींना शिकवतात? कोणीतरी ज्युदो सांगितला. बाबा स्वतः येऊन एक संध्याकाळ बघत बसले. एका मुलाने दुसऱ्याला कमरेवर घेऊन आपटलं, सरांनी हात वर करून ‘इप्पॉन’ म्हटलं, आणि बाबा म्हणाले, ‘चितपट. चालेल.’

तोच हॉल, तेच सर. सर आता ६३ वर्षांचे आहेत. शाळा सुटल्यावर संध्याकाळी सात ते साडेआठ तो हॉल आम्हाला मिळतो. मॅट आम्हीच अंथरतो, आम्हीच गोळा करून भिंतीला लावतो. महिन्याची फी ७०० रुपये. फी थकली म्हणून सरांनी कोणाला मॅटवरून उठवलेलं मी इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही. मग अशा ठिकाणाहून कोणी दुसरीकडे का जाईल?

जोड नाही म्हणून. तालमीत हा शब्द रोजचा आहे. आपल्या वजनाचा, आपल्या ताकदीचा, आपल्याला पाडू शकेल आणि आपल्याकडून पडू शकेल असा समोरचा, तो आपला जोड. मोठ्यांच्या वर्गात आम्ही अकरा जण. बायका दोन. दुसरी ७६ किलोची, मी ५८ किलोची. बाकी दहावी-बारावीची मुलं, जी जानेवारी आला की परीक्षेसाठी गायब होतात, आणि तीन-चार नोकरदार पुरुष. मुलं एक तर मला जपून धरतात, नाही तर बाईकडून पडायचं नाही म्हणून सगळी ताकद लावतात. दोन्हींतून मी काही शिकत नाही. दोन वर्षं मी माझ्या वजनाच्या बाईशी रांदोरी, म्हणजे सरावाची लढत, खेळलेच नव्हते. बाबांना सांगितलं तर म्हणाले, ‘जोड नसली की पैलवान गंजतो.’

जिमचा पत्ता मला दुकानाच्या काउंटरवर मिळाला. एक मुलगी बोटांना गुंडाळायची चिकटपट्टी मागायला आली. तिचा डावा कान सुजून गाठाळला होता. असा कान मी फक्त बाबांच्या मित्रांचा पाहिला आहे. मी विचारलं, ‘कुस्ती खेळतेस?’ ती म्हणाली, ‘जिउ-जित्सू. आम्ही पाच मुली आहोत, तुम्ही या ना.’ पाच! पन्नास ते पासष्ट किलोच्या पाच जणी. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पहिल्याच सकाळी त्या मुलीने, वजन ५१ किलो, मला सहा मिनिटांत चार वेळा गळपकडीत घेतलं. कारण साधं होतं, पण ते समजायला मला आठवडा लागला. ज्युदोत फेक अर्धवट झाली आणि खाली पडलो, तर आम्ही झटकन पालथे होतो, कोपरं पोटाशी, हनुवटी छातीत, कासवासारखे. समोरच्याला लगेच काही साधलं नाही की पंच ‘मत्ते’, म्हणजे थांबा, म्हणतो आणि दोघं परत उभे राहतात. इतकी वर्षं मी त्या ‘मत्ते’च्या भरवशावर पालथी होत आले. जिउ-जित्सूत ‘मत्ते’ म्हणायला कोणी नसतं. तुम्ही पालथे झालात की तुमची पाठ समोरच्याला आंदण दिलीत. तो पाठीवर चढतो, पाय अडकवतो, त्याचे ४ गुण होतात, आणि मग तो सावकाश गळ्याकडे येतो. तिथे उलट शिकवतात. पाठ जमिनीला टेकवा, समोरच्याला दोन पायांच्या मध्ये धरा आणि तिथून लढा.

हे मी बाबांना दाखवलं तेव्हा ते खुर्चीतून उठले. ‘पाठ लागली की संपलं!’ मी म्हटलं, बाबा, इथे पाठ लागल्यावर सुरू होतं. त्यांना ते अजून पटलेलं नाही. मात्र दुसरी एक गोष्ट त्यांना फार आवडली. तिथे पट काढता येतो. समोरच्याच्या मांड्यांना मिठी घालून त्याला उचलायचं हा कुस्तीतला पहिला धडा, बाबांनी तो मला सातव्या वर्षी गादीवर शिकवला होता. ज्युदोत मी तो लहानपणी वापरलासुद्धा. पण २०१० पासून आंतरराष्ट्रीय नियमांत सरळ पायाला हात घालण्यावर बंधन आलं आणि २०१३ मध्ये लढतीत कमरेखाली पकडणं पूर्णच बंद झालं. तेव्हापासून बाबांनी ज्युदोच्या स्पर्धा पाहायचं सोडलं.

आता इथे थोडा इतिहास सांगते, कारण माझ्या मनातला गुंता त्यातूनच सुटत गेला. ज्युदोची स्थापना जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत केली. त्याआधी ते जुजुत्सू या जुन्या जपानी मार्शल आर्टच्या दोन वेगवेगळ्या परंपरांत, एकामागून एक तीन गुरूंकडे शिकले होते. एका परंपरेचा भर पकडींवर आणि गळा आवळण्यावर, दुसरीचा फेकींवर. दोन्ही एकत्र नांदल्या म्हणून ज्युदो झाला. विद्यार्थी असताना त्यांना आपल्याहून खूप दांडगा असा एक सहाध्यायी काही केल्या पडेना. त्यांनी सुमोचे डाव धुंडाळले, ते लागू पडले नाहीत. मग पाश्चात्त्य कुस्तीच्या पुस्तकात एक डाव सापडला. समोरच्याच्या खाली शिरायचं, एक हात त्याच्या मांडीभोवती, त्याला दोन्ही खांद्यांवर आडवा घ्यायचा आणि पलीकडे टाकायचा. त्या डावाने तो सहाध्यायी पडला. ज्युदोत त्याला काता-गुरुमा म्हणतात. पायाला हात लागतो म्हणून मूळ स्वरूपात तो आज लढतीत चालत नाही, पण काळ्या पट्ट्याच्या परीक्षेला जो काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने फेकी दाखवायच्या असतात, त्यात तो तिसरा आहे. घरी मी त्याची तयारी करत होते. बाबांनी दारातून पाहिलं आणि म्हणाले, ‘हा तर कलाजंग.’ आणि खरंच, तो कलाजंगच आहे.

जिउ-जित्सूचं मूळही याच घरातलं. कानोंच्या कोदोकान या संस्थेत तयार झालेला मित्सुयो माएदा देशोदेशी पैलवानांशी लढत १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला, बेलेम शहरात राहिला, आणि त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले. म्हणजे बाणेरच्या मॅटवर मी शिकते ते सदाशिव पेठेतल्या मॅटचंच नातं सांगतं. आणि तरी त्याच ब्राझीलमध्ये जिम बदलणाऱ्याला ‘क्रेओन्ते’ म्हणायची रीत पडली, तिथल्या एका दूरचित्रवाणी मालिकेतल्या पात्रावरून, अर्थ दगाबाज. जिममधल्या एका मुलाने हा शब्द दुसऱ्या कोणाबद्दल उच्चारला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

चार महिन्यांनी माझं बिंग फुटलं. कोणी चुगली केली नाही, माझ्या अंगानेच सांगितलं. एका बुधवारी रांदोरीत मला एका मुलाने अर्धवट पाडलं आणि मी पालथी झाले नाही. पाठीवर पडून, पाय उघडून, त्याची बाही धरून वाट बघत राहिले. मुलगा गोंधळून उभाच राहिला. सर भिंतीशी होते. त्यांनी विचारलं, ‘पालथी का नाही झालीस?’ मी काहीतरी पुटपुटले. ते पुढे काही बोलले नाहीत. पण पुढचे दोन आठवडे त्यांनी मला उके म्हणून बोलावलं नाही. उके म्हणजे डाव दाखवताना गुरू ज्याला फेकतात तो. नवीन काही शिकवायचं असलं की गेली चार वर्षं सर माझं नाव घ्यायचे. ते दोन आठवडे त्यांनी बारावीच्या एका मुलाला घेतलं, आणि मी रांगेत बसून बघत राहिले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी घरी बाबांना सगळं सांगितलं. जिमला जाते हे त्यांना माहीत होतं, सरांना सांगितलेलं नाही हे माहीत नव्हतं. ते जेवत होते. ताटातला घास तसाच ठेवून म्हणाले, ‘विचारलं नाहीस?’ मग त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत सांगितली नव्हती. एकविसाव्या वर्षी त्यांच्या तालमीत त्यांना जोड उरला नव्हता. त्यांनी वस्तादांचे पाय धरून तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे वस्तादांनी स्वतः नारळ घेतला, बाबांना बरोबर घेतलं आणि पलीकडच्या पेठेतल्या तालमीत गेले, जिच्याशी यांची दर जत्रेत चुरस. तिथल्या वस्तादांना म्हणाले, ‘माझा पठ्ठा आहे. तुमच्या पोरांत खेळू दे.’ आठवड्यातून दोन दिवस बाबा तिथे जायचे. मैदानात मात्र आपल्याच तालमीच्या नावाने उतरायचे. ‘दुसऱ्याच्या मातीत उतरायला कोणाची ना नसते,’ बाबा म्हणाले, ‘चोरून उतरलं तर असते.’ आणि मग खाशाबांचं काढलं, ते निघणारच होतं. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला पहिल्यांदा मॅटवर खेळले, तिथे रीस गार्डनर या अमेरिकी पैलवानाकडून शिकले, सहावे आले, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले. ‘ते मातीचे राहिलेच ना?’

शुक्रवारी मॅट गोळा करताना मी सरांना सांगितलं. कधीपासून जाते, कुठे, किती पैसे देते, सही कशावर केली आहे, सगळं. सर मॅटची घडी घालत ऐकत होते. म्हणाले, ‘तिथे तुझ्या वजनाच्या किती आहेत?’ मी म्हटलं, पाच. ‘पाच,’ असं म्हणून ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘तुला इथे मी जोड देऊ शकलो नाही हे मला दोन वर्षं दिसत होतं. तू विचारलं असतंस तर मी अडवलं नसतं. पण रविवारी तू लहान मुलांना शिकवतेस. त्यातलं एखादं उद्या तुझ्यापासून लपवून कुठे गेलं, तर त्याला काय सांगणार आहेस?’ मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी एवढंच घालून दिलं, की इथल्या मॅटवर इथले नियम, आणि परीक्षेआधीचे सहा आठवडे फक्त ज्युदो. पुढच्या सोमवारी त्यांनी माझं नाव घेतलं. मी पुढे गेले, वाकले, आणि त्यांनी मला हराई-गोशी या फेकीने असं काही आपटलं की हॉल दणाणला. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

जिमच्या प्रशिक्षकांना सांगणं त्यामानाने कठीण गेलं, कारण तिथे माझी सही होती. ते तिशीचे आहेत, शिकवतात फार छान, प्रत्येक डावाचं कारण सांगतात. ते चिडले नाहीत, पण नाराज झाले, आणि त्यांचं म्हणणं मी प्रामाणिकपणे इथे मांडते, कारण त्यात तथ्य आहे. लोक येतात, दोन महिने चार डाव उचलतात आणि दुसरीकडे जाऊन शिकवायलाच लागतात. एकाच स्पर्धेत आपण तयार केलेला खेळाडू दुसऱ्या संस्थेच्या नावाने उतरतो. कुठेतरी दुखापत करून घेतो आणि ती इथे येऊन सांगत नाही, मग इथे त्याचा गुडघा जातो. हे तिन्ही मला मान्य आहे. चौथं कारण त्यांनी सांगितलं नाही, ते मी सांगते, कारण ते माझ्या पेशातलं आहे.

गजकर्ण. मॅटवरच्या खेळांत त्वचेला त्वचा घासते, घाम एकमेकांच्या कपड्यांत मुरतो, आणि गजकर्णाची बुरशी एका अंगावरून दुसऱ्या अंगावर सहज जाते. दोन ठिकाणी सराव करणारा माणूस ती एका मॅटवरून दुसऱ्या मॅटवर नेऊ शकतो. आमच्या रविवारच्या वर्गात सहा-सात वर्षांची मुलं आहेत, त्यांत माझा मुलगाही आहे. लोक दुकानात येतात आणि ‘लगेच खाज थांबेल असं’ मलम मागतात, आधीच्या ट्यूबचं रिकामं खोकं दाखवतात, त्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने खाज दबते, लाली जाते, माणसाला वाटतं बरं झालं, आणि आत बुरशी पसरत राहते. चिठ्ठीशिवाय मी ते देत नाही आणि त्यावरून रोज कोणाशी तरी वाद होतो. गोल, कडेला लालसर, खाजरा चट्टा दिसला की त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं, सांगितलं आहे तितके आठवडे पूर्ण औषध लावावं, तोवर मॅटवर उतरू नये, आणि दोन्हीकडे कळवावं. माझे गी, म्हणजे सरावाचे कपडे, आता चार आहेत. घातलेला गी न धुता परत घालत नाही, ज्युदोचा जिउ-जित्सूला नेत नाही. तुम्ही दुसरीकडे जाता हे लपवलेलं असेल, तर ‘तिकडे एकाला गजकर्ण झालंय, माझ्याकडे लक्ष ठेवा’ हे सांगणार कसं? मला चार महिने ते सांगता आलं नसतं. नशिबाने वेळ आली नाही.

प्रशिक्षकांनी शेवटी माझा अर्ज काढला, अकरावी अट पेनाने खोडली आणि शेजारी आपली सही केली. पण नव्या लोकांना अजून तोच छापील अर्ज मिळतो. मुख्य शाखेचा आहे म्हणतात. माझी अशा सगळ्या संस्थाचालकांना कळकळीची विनंती आहे, की ती ओळ काढून तिथे ‘आपण आणखी कुठे सराव करता?’ एवढं विचारा आणि उत्तरासाठी जागा ठेवा. बंदी घातली की माणूस जायचा थांबत नाही, फक्त सांगायचा थांबतो. तुमच्या स्पर्धेत तुमच्याच नावाने खेळायचं हे जरूर ठरवून घ्या, ते रास्त आहे. आणि वर्षभराचे पैसे एकदम घेऊन ‘कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाहीत’ असं लिहू नका. सातवीतल्या मुलाला कराटे आवडेल की ज्युदो हे त्याच्या आईला पहिल्या आठवड्यात कसं कळणार?

पालकांना मी सरसकट ‘दोन्हीकडे पाठवा’ असं सांगणार नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला दोन ठिकाणचे नियम डोक्यात ठेवणं जड जातं. मलाच जातं. परवाच्या रांदोरीत माझा हात आपोआप समोरच्याच्या मांडीकडे गेला, स्पर्धेत त्याची शिक्षा झाली असती. उलट बाणेरला मी एकीला सुंदर फेकलं आणि फेकीबरोबर खाली जाताना माझी मान तिच्या काखेत राहिली. फेक माझी, हार माझी. शिवाय ज्युदो शालेय क्रीडास्पर्धांत आहे, ऑलिम्पिकमध्ये पुरुषांसाठी तो १९६४ मध्ये आला आणि १९७२ पासून कायम आहे, स्त्रियांसाठी १९९२ पासून पदकांचा खेळ आहे. जिउ-जित्सू आशियाई स्पर्धांत २०१८ मध्ये आला, ऑलिम्पिकमध्ये नाही. ज्या मुलाला शाळेकडून खेळायचं आहे त्याने आधी एकाच्या नियमांत पक्कं व्हावं असं मला वाटतं. पण ज्याला जोडच नाही, जो महिनोन् महिने भिंतीशी बसतो किंवा आपल्या दुप्पट वजनाच्या मुलाबरोबर ढकलला जातो, त्याला बांधून ठेवू नका. आणि क्लास सोडायचाच असेल तर मुलाला बरोबर नेऊन शिक्षकांना सांगून सोडा. फी भरणं अचानक बंद करून फोन न उचलणं हे आमच्या सरांनी किती वेळा सोसलं आहे ते मी पाहिलं आहे. प्रत्येक वेळी ते पुढचा महिनाभर त्या मुलाचं नाव हजेरीत ठेवतात.

मी स्वतः काय ठरवलं? क्लास सोडायचा नाही, जिम सोडायची नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी ज्युदो, चालत दहा मिनिटं. मंगळवार आणि गुरुवार पहाटे पावणेसहाला स्कूटर काढते, डेक्कनवरून सेनापती बापट रस्त्याने बाणेर, साडेसहाचा वर्ग, साडेआठला घरी, दहाला दुकान. शनिवार सक्तीची विश्रांती. सुरुवातीला मी शनिवारीही जायची, दोन महिन्यांत उजवा गुडघा सुजला आणि फिजिओथेरपिस्ट बाईंनी आठवड्यातला निदान एक दिवस पूर्ण मोकळा ठेवायला बजावलं. जिमची फी महिन्याला ४,५०० रुपये. आमच्या घरात ती रक्कम लहान नाही. नवऱ्याने आणि मी बसून हिशेब केला आणि वर्षभरासाठी ती काढायची ठरवलं. वर्षाने परत बसणार आहोत. ज्युदोच्या स्पर्धेत क्लासच्या नावाने उतरणार, जिउ-जित्सूच्या स्पर्धेत जिमच्या नावाने, आणि दोन्ही एका महिन्यात आल्या तर ज्युदो. हे दोघांनाही सांगितलं आहे. आणि त्या ५१ किलोच्या मुलीला एका रविवारी आमच्या हॉलमध्ये आणलं. तिला फेक खाऊन पडायची भीती वाटते, म्हणून सरांनी तिला सहा वर्षांच्या मुलांबरोबर उकेमी, म्हणजे पडायला, शिकायला बसवलं. ती आता दर रविवारी येते. सरांनी तिच्याकडून फी घेतली नाही.

परीक्षेच्या काताची उके म्हणून मला आमची ७६ किलोचीच मैत्रीण आहे, दुसरी कोणी नाही. काता-गुरुमात तिला खांद्यावर उचलून उभं राहायचं आहे. मला उठता येत नव्हतं. सरांनी तीन आठवडे प्रयत्न केले आणि गेल्या बुधवारी म्हणाले, ‘तुझ्या बाबांना घेऊन ये.’

बाबा शुक्रवारी आले. ६७ वर्षांचे आहेत, जिना चढताना थांबले. हॉलच्या दारात चपला काढल्या, मॅटच्या कडेला वाकून हात टेकवला आणि कपाळाला लावला, मातीत उतरताना लावतात तसा. मग त्यांनी माझ्या कमरेला हात लावून मला खाली ढकललं. ‘अजून आत शीर. तिच्या मांडीला खांदा लागला पाहिजे. आता मान वर.’ चौथ्या वेळी ती उचलली गेली. बाबांचं म्हणणं, एक गुडघा टेकवून घे, कलाजंगला तसंच घेतात. सर म्हणाले, कातात गुडघा टेकवायचा नाही, दोन पायांवर खाली जायचं आणि दोन पायांवर उठायचं. साडेआठला हॉल बंद करून किल्ली रखवालदाराला दिली तरी दोघं फाटकाशी उभे राहून त्यावरच बोलत होते. परीक्षेत मी सर म्हणतात तसं करणार आहे.

आपली,
एक वाचक
नारायण पेठ, पुणे ४११०३०
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)